दक्षिणेकडे पाय

मुलुंड,
दि. ९ जानेवारी १९५६

कै. सौ. वसुधा नंदकुमार देवस्थळी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्रास पत्ता नाही, हे मी जाणतो. तरीही आपल्या लेकीला, चि. उत्तराला, लिहिण्यापूर्वी तुला कळवणे योग्य वाटते. तू गेल्यावर माझे जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून राहावयास आलेल्या माझ्या जानकीअक्का परवा मोरीत घसरून पडल्या. उजव्या खुब्याचे हाड मोडले आहे. हृदय अशक्त असल्याने शस्त्रक्रिया डॉक्टरांना धोक्याची वाटते, आणि रुग्णालयाचे तर अक्का नावही काढू देत नाहीत. तेव्हा पायाला पट्ट्या बांधून, खाटेच्या पायथ्याशी कप्पीवरून वजन लटकवावयाचे असे ठरले. पाय असा ताणलेला राहिला तर हाड जुळेल. एरवी त्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

अडचण आपल्या खोलीची आहे. खाट लांबीनेच बसते. पाय दक्षिणेकडे, सज्जाच्या बाजूस केले तर वजनास जागा मिळते. परंतु ती यमाची दिशा, आणि मी अजून मेलेली नाही, असे अक्कांनी बजावले. म्हणून पाय उत्तरेस केले. आता वजन स्वयंपाकघराच्या दारात लोंबते. मोरीकडे जावयाचे तर ते उचलावे लागते, आणि दर खेपेस अक्का कळवळतात.

माझे मन एका जागी ठरत नाही. वर्तमानपत्र उघडतो, मिटतो, दोरी पाहून येतो, पुन्हा उघडतो.

तुझा,
नंदकुमार


घाटकोपर,
दि. १२ जानेवारी १९५६

तीर्थरूप अण्णांस,
कृ. शि. सा. न. वि. वि.

काल तुमच्या जावयांना तुमचे डॉक्टर भेटले. ते म्हणाले की वजन उचलले की ताण गेला. असेच चालले तर आत्याचा पाय आखूड होऊन बसेल. अण्णा, तुम्ही खोली सोडत नाही, ती दिशा सोडत नाही, आणि पाय मात्र तिचा जातोय.

आमची बाहेरची खोली रुंद आहे. पाय पूर्वेला येतील, म्हणजे यमाची काही तक्रार नाही. ह्यांनी खिडकीच्या गजाला कप्पीसुद्धा बांधली आणि ती चालते का ते पाहायला माझा वरवंटा लटकवला. दुपारभर चटणी अडली. जावयाच्या घरी राहणे शोभत नाही, असे तुम्ही ह्यांना म्हणालात म्हणे. मग भाडेकरू म्हणून या. घरमालकिणीसारखी कटकट मी मनापासून करीन.

माया असू द्यावी.
आपली,
उत्तरा


मुलुंड,
दि. १४ जानेवारी १९५६

चि. सौ. उत्तरा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. यंदा आपल्याकडे तिळगूळ नाही, हे तू जाणतेसच. स्वयंपाक मी सज्जात स्टोव्हवर करू लागलो आहे. पिण्याचे पाणी शेजारच्या रत्नप्रभाबाई देतात. मोरी मात्र दारापलीकडे आहे, त्यास उपाय सापडलेला नाही.

ही खोली मला सोडता येणार नाही. तुझ्या आईने शेवटचे पाणी येथे घेतले. याहून अधिक कारण विचारू नयेस. चि. चंद्रप्रकाशराव यांचे आभार मानावेत व तुझा वरवंटा सोडवून घ्यावा.

तुझा,
अण्णा


मुलुंड,
दि. १५ जानेवारी १९५६

चि. उत्तरा हिस जानकीआत्याचे पोटभर आशीर्वाद.

निजल्या निजल्या पेन्सिलीने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. तुझ्या बापाच्या पिठल्याने भिंतीला जाहिराती चिकटवता येतील. ते असो. तो हलत नाही म्हणून त्याच्यावर रागावू नकोस गं. संध्याकाळी दिवा लावला की कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेला दिवसभराची हकीकत सांगत बसतो. मला झोप लागलीय असं त्याला वाटतं, आणि मीही डोळे मिटून पडते. असल्या माणसाला ओढून न्यायचं कुठे?

पण मला पुन्हा चालायचंय. मोरीपर्यंत तरी माझी मी जाईन, एवढंच मागणं आहे. म्हणून आज त्याला म्हटलं, नंदू, फिरव खाट, कर माझे पाय दक्षिणेला. यमाला यायचं तर तो पाय बघून थोडाच येणार आहे. उद्या डॉक्टर आले की फिरवायची.

तुझी,
आत्या


घाटकोपर,
दि. २९ जानेवारी १९५६

कै. सौ. वसुधा नंदकुमार देवस्थळी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वरचे गाव पाहून चकित होऊ नयेस. सोळा तारखेस, सोमवारी, डॉक्टरांसमक्ष खाट फिरवली. अक्कांनी डोळे मिटून चादर गळ्यापर्यंत ओढली. मी दोरी हातात घेऊन पायथ्याशी उभा राहिलो. आषाढात तुला जमिनीवर घेतले, तेव्हा तुझेही पाय असेच सज्जाकडे होते, आणि मी याच फरशीवर उभा होतो. डॉक्टर म्हणाले की गाठ मारा. ती माझ्याच्याने मारवेना. अक्कांनी एक डोळा उघडून विचारले, कुणाची वाट बघतोयस. तेव्हा मी डॉक्टरांस गाडी मागविण्याची विनंती केली.

येथे त्यांचे पाय पूर्वेस आहेत. वजन खिडकीशी मोकळे लोंबते. त्यास कोणी हात लावीत नाही. डॉक्टर आता ताण चांगला आहे म्हणतात. उभ्या राहतील की नाही, ते चैत्रात कळेल. अक्का मात्र उत्तराच्या आमटीत मीठ कमी असल्याचे आजच सांगतात.

मुलुंडची खोली ठेवावी, भाडे आम्ही देऊ, असे उत्तरा म्हणते. परंतु खोली राहिली तर मी रोज तेथे जाईन, आणि अक्का पहिल्यांदा उभ्या राहतील त्या दिवशी आधाराला माझा हात येथे नसेल. तुला सांगावयाचे ते यापुढे येथूनच सांगेन. येथील कोपरा अजून ओळखीचा झालेला नाही, सांभाळून घ्यावेस.

तुझा,
नंदकुमार

ता. क. आज दुपारी मुलुंडला जाऊन खोली झाडली, दाराला कुलूप लावले आणि दोन्ही किल्ल्या घरमालकांस परत केल्या.