नाव-गावासकट तय्यबभाई

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
९ जानेवारी २०२६

प्रिय बिलकीसआपा,
अस्सलामु अलैकुम. वि. वि. अम्मीच्या गुडघ्यांचं तेल गावी येणाऱ्या जयच्या सामानातून पाठवतोय, त्यातच हे पत्र. रुवैसच्या तेल कारखान्यातली नोकरी सोडली. ओरडू नकोस, तिथे नुसती धुरांडी आणि वाळू. आता मार्गारिता मॅडमची गाडी चालवतो. मॅडम प्रोफेसर आहेत. अमेरिकेत राहायला गेलेल्या मेक्सिकन, होंडुरासी लोकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जमवतात आणि इंटरनेटवर ठेवतात, कुणीही ऐकाव्यात. इथे एक मांजर रोज माझ्या बॉनेटवर... बरं, ते राहू दे.

मी म्हटलं, मॅडम, माझा भाऊच त्या लोकांत राहतो! सीमेवरून चोरून अमेरिकेत गेला तेव्हा एका होंडुरासी कुटुंबानेच आसरा दिला. मॅडम म्हणाल्या, फोनवर बोलून रेकॉर्ड कर. तय्यबभाई काय बोललाय आपा! त्यांच्या मक्याच्या भाकऱ्या, आजीची गाणी. नाव-पत्ता कापूनच इंटरनेटवर चढव, नाहीतर पोलीस माग काढतात, असं मॅडमनी बजावलं होतं. पण नाव-गाव कापलं तर माणूस उरतो काय? मी सगळं ठेवलं, भाई काम करतो त्या ह्यूस्टनमधल्या टॅकोच्या दुकानासकट. गाजू दे की आपलं साखरतर!

आहे त्याहून थोडा जास्त लोभ करावा.
तुझा यहया

साखरतर, रत्नागिरी
२ फेब्रुवारी

चि. यहयास बिलकीसची दुआ. तेल पोचलं. वर्षातली ही तिसरी नोकरी, निदान मांजरासाठी तरी टिकव.

फोनवर नको म्हणून लिहिते. परवा कुणा परक्याचा अम्मीला फोन आला. हिंदीतून, अगदी गोड. साखरतरचा तय्यब तुमचाच ना, टॅकोच्या दुकानातला? अम्मी हो म्हणाली, वर त्याला जेवायला बोलावलं. तुझं पत्र मी कुणालाच दाखवलेलं नाही. मग दुकानाचं त्याला कुणी सांगितलं?

तेव्हापासून तय्यबचा फोन कुणीतरी उचलतं, पण बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. रेकॉर्डिंगचं तेवढं मी अम्मीला सांगितलं, तर म्हणते, यहयाकडे त्याचा आवाज आहे ना, तोच ऐकव.

माया आहेच, अक्कल तेवढी कळव.
बिलकीस

खोर फक्कान
१५ फेब्रुवारी

प्रिय आपा,
अस्सलामु अलैकुम. मी कुणा एकाला नाही, सगळ्यांनाच सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत, तेच वाईट. रेकॉर्डिंग लगेच काढलं, पण त्याआधी कुणी उतरवून घेतलं असेल तर ते परत मिळत नाही म्हणे. नोकरी खलास. इथे बंदरात काम बघतोय. सुरमई आपल्यासारखीच... नको.

मॅडमनी त्या होंडुरासी कुटुंबाचा नंबर शोधून दिला. त्यांच्या मुलीने उचलला. इंग्रजीत म्हणाली, तय्यब कामावर गेला तो परतला नाही, दुकानाला कुलूप आहे, आम्हीही घर सोडतोय, पुन्हा फोन करू नका.

अम्मीसाठी आवाज पेनड्राइव्हवर पाठवतोय. नाव, गाव, दुकान आता कापलंय. भाकऱ्या राहिल्या, गाणी राहिली, हसणं राहिलं. हा तय्यब आहे, हे तेवढं तिला तू सांग.

लोभ कमी केलास तरी चालेल, तोडू नकोस.
यहया