एका हाताचा खटका

मंगळवार, ९ मार्च

प्रिय गुण्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मुलगी झाली, सव्वातीन किलोची आहे, वहिनींची तब्येत उत्तम. एवढं लिहून तू मोकळा झालास. अरे, बाप झालास तू, वखारीत माल उतरल्याची पावती नाही फाडलीस. डोळे कुणासारखे, केस किती, रडते कशी, काही म्हणजे काही नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि मी एकटाच बडबडत बसतो. त्यापेक्षा पत्र बरं. मधे मधे तू काहीतरी बोलला असशील असं मला धरून तरी चालता येतं.

इकडे सगळं ठीक आहे. मिस्त्रींचे गुडघे कुरकुरतात, पण कारखान्याचं कुलूप अजून तेच उघडतात आणि तेच लावतात. परवा एका दाराच्या चौकटीत माझं माप अर्ध्या सुतानं चुकलं. रागावले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "गुण्या असता तर हे झालं नसतं." सहा वर्षं हे वाक्य ऐकतोय मी. त्यांनी तुला गुण्या म्हणायला सुरुवात केली ती काटकोन तपासायचा गुण्या तुझ्यापुढे लाजतो म्हणून, आणि मला रंधा, कारण मी कुठलीही गोष्ट बोलून बोलून गुळगुळीत करतो. तुझं नाव तुला शोभलं. माझंही शोभलं म्हणा.

तर बाळाच्या भेटवस्तूचं. रविवारी बायकोनं मला बाळांच्या दुकानात नेलं. मी आधीच सांगितलं होतं की मला नेऊ नकोस. खुळखुळा हातात घेतला आणि नखानं जरा खरवडला, तर रंग नखात. लाकडी घोडा उलटा केला, तर पाय नुसते डिंकावर उभे. बायको म्हणाली, झबलं घेऊ. मी म्हटलं, महिन्याभरात आखूड होणारी वस्तू गुण्याच्या घरी पाठवायची माझी हिंमत नाही, तो मापं घेत बसेल. तोवर दुकानातली बाई आमच्यामागे येऊन उभी राहिली होती. तिनं मला विचारलं की काही घ्यायचंय, की मी तपासणीला आलोय. बायको इतकी हसली की शेवटी त्या बाईनं तिला बसायला स्टूल दिलं.

मग कठड्याच्या खाटा दिसल्या. बाळं झोपवतात त्या, एका बाजूचा कठडा खाली सरकतो अशा. पाच प्रकार होते. पाचही मी हलवून पाहिल्या, एकीचीही सांधेजोड मनासारखी नव्हती. पण ते जाऊ दे. कठड्याला दोन टोकांना दोन खटके असतात, आणि दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय कठडा उतरत नाही. मुलानं आतून उघडू नये म्हणून तसं करतात, बरोबरच आहे. मी एका हातानं उघडायला गेलो. नाही उघडला. दुसऱ्या खाटेचा उघडायला गेलो, तोही नाही. पाचही खाटांना दोन हात लागतात. बायकोनं विचारलं, "काय झालं हो, एकदम गप्प का झालात?" मी म्हटलं, काही नाही, चल.

तेव्हा ठरलं. खाट मी करणार. सागवानाच्या चांगल्या चार फळ्या मी घरी माळ्यावर केव्हाच्या राखून ठेवल्यात, त्यांना आता मुहूर्त लागला. तीन आठवड्यांत तयार होईल. तुझ्या गावी टेंपो जातो, त्यात चढवून देईन. नको म्हणालास तर ऐकणार नाही.

राहिलं तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य. 'आठ दिवस झाले, मी अजून तिला उचललेलं नाही. करवतीच्या पात्यावरचं झाकण बसवायला जो विसरतो, त्याच्या हातात मूल द्यायचं नसतं.' हे काय लिहिलंस? सहा वर्षं झाली त्या गोष्टीला. बोटं गेली ती गेली, तू कारखाना सोडलास, वखारीत हिशेबाला बसलास, संसार थाटलास, आता लेक झाली. कुठलं कुठे नेऊन जोडतोस तू. असलं काही मनात आणू नकोस. बाकी भेटल्यावर बोलू.

वहिनींना नमस्कार. त्या चिमुरडीला माझ्याकडून एक पापा, पण तो तूच द्यायचास.

तुझ्या लेकीचा एकुलता एक काका,
रंधा

*

रविवार, २८ मार्च

प्रिय गुण्या,

खाट झाली. स्वतःची पाठ स्वतः थोपटायची नसते हे मला माहीत आहे, तरी थोपटतो. अशी खाट मी आजवर केली नाही. एकही खिळा नाही. सांधे असे बसलेत की मिस्त्रींनी नखानं फट शोधली आणि सापडली नाही. कडा सगळ्या गोल केल्या. रंग लावला नाही, नुसतं तेल दिलंय, म्हणजे दात यायला लागले की तिला खुशाल चावू दे. मिस्त्रींनी चारी कोपऱ्यांना गुण्या लावून पाहिला आणि म्हणाले, "हे तू केलंस?" वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला असं विचारलं.

आता खटक्याचं ऐक. एकच खटका आहे, कठड्याच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, पट्टीच्या खाली लपवलेला. अंगठ्यानं वर ढकलायचा आणि करंगळीनं आपल्याकडे ओढायचा, दोन्ही एकदम. मग कठडा आपल्या वजनानं सावकाश उतरतो, आवाज करत नाही. आत बसलेल्या मुलाला तो दिसत नाही आणि त्याचा हातही पोचत नाही. डाव्या हाताचा अंगठा आणि करंगळी, एवढंच लागतं. उजव्या हातावर लेक घ्यायची, डाव्यानं कठडा उतरवायचा आणि तिला निजवायचं.

हा खटका मी चार वेळा केला. पहिला ताठ झाला, दुसरा मोकळा, तिसरा बरा होता पण पूर्ण हाताच्या माणसासाठी बरा होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मग मी डाव्या हाताची मधली तीन बोटं चिकटपट्टीनं तळहाताला बांधली आणि तशीच ठेवली. जेवलो तसाच, शर्टाची बटणं लावली तशीच, म्हणजे पाचातली दोन लावली. सव्वातीन किलो साखर मोजून टॉवेलात गुंडाळली आणि ती उजव्या हातावर घेऊन खाट उघडत-मिटत बसलो. बायको दारात उभी राहून पाहत होती. पहिल्या दिवशी हसली. दुसऱ्या दिवशी साखरेचं डोकं नीट धरा म्हणाली. चौथ्या दिवशी तिनं टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला आणि समोर बसली.

"खटका झाला," ती म्हणाली. "आता पट्टी सोडा. ती कशाला बांधून फिरताय?"

मी म्हटलं, अजून जरा सराव करतो.

"सराव त्यांना हवाय की तुम्हाला? आणि ते तिला उचलणारच नसतील, तर हा खटका काय कामाचा? तुम्ही त्यांच्या त्या वाक्याला काय उत्तर दिलंत?"

मी तिला सांगितलं की मी लिहिलं, असलं काही मनात आणू नकोस. मग मी तिला सगळं सांगितलं. बारा वर्षांच्या संसारात जे सांगितलं नव्हतं ते. ऐकून ती एवढंच म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

म्हणून सांगतो. मागच्या पत्रात टाळलं, आणि त्याआधी सहा वर्षं टाळलं. इथून पुढे गुळगुळीत लिहिणार नाही.

त्या दिवशी सकाळी तू पाचरी कापत होतास. बारीक काम, झाकण आड येतं, म्हणून तू ते काढलंस. आपल्याकडे नियम एकच, ज्यानं काढलं त्यानं बसवूनच मशीन सोडायचं. तू पाचरी संपवल्यास आणि जेवायला गेलास. तू बाहेर पडलास तशी मी आत आलो. मेव्हण्याला फोटोची चौकट हवी होती, त्याच्या पट्ट्या कापायच्या होत्या. कारखान्यात घरचं काम करायचं नाही, मिस्त्रींचा दंडक होता, म्हणून जेवणाच्या सुट्टीत आलो.

गुण्या, झाकण बसवलेलं होतं. तू बसवून गेला होतास. दोन्ही स्क्रू घट्ट होते, इतके घट्ट की मला पाना शोधायला लागला. मनात तुला शिवी दिली, इतकं कशाला आवळतो हा. ते मी काढलं आणि खिडकीत ठेवलं. पट्ट्या कापल्या. तेवढ्यात बाहेर मिस्त्रींचा खोकला ऐकू आला. मी पट्ट्या शर्टात घातल्या आणि मागच्या दारानं निघून गेलो. झाकण खिडकीतच राहिलं.

पाच मिनिटांनी तू आलास. ती टेबलाची रुंद फळी लावलीस. फळीखाली पातं तुला दिसलंच नाही, आणि तू बघितलंही नाहीस, कारण तू स्वतः झाकण बसवून गेला होतास. हाताला ते माहीत होतं. पुढचं तुला माहीत आहे.

दवाखान्यात मिस्त्रींनी विचारलं, झाकण कुणी काढलं. मी तुझ्या पायाशी उभा होतो. तोंड उघडणार होतो, हे मी शपथेवर सांगतो, पण त्याआधी तूच बोललास. "सकाळी मी काढलं होतं. बसवायचं राहिलं असेल." तू 'राहिलं असेल' म्हणालास. तुला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही म्हणजे चूक आपलीच, हा तुझा स्वभाव. मिस्त्रींनी मान खाली घातली. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग म्हटलं तुला बरं वाटू दे. मग तू कारखाना सोडलास, आणि मग सांगण्यात अर्थ काय असं मी स्वतःला पटवलं. मला पटवता येतं, तुला माहीत आहे. लाज वाटते मला. खूप लाज वाटते. दर वेळी मिस्त्री 'गुण्या असता तर' म्हणाले की मी रंध्यावर जरा जास्त जोर देतो, म्हणजे आवाजात ते बुडून जावं.

बोटं तुझी गेली, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याबरोबर तुझा स्वतःवरचा भरवसा गेला हे मला तुझ्या त्या एका वाक्यानं कळलं. बोटं मी परत देऊ शकत नाही. ते दुसरं देऊ शकतो, म्हणून हे पत्र.

खाट गुरुवारी निघेल, पत्र आजच. मुद्दाम आधी पाठवतोय. पेटीत टाकलं की परत काढता येत नाही, आणि मी मला ओळखतो. उद्या सकाळी कारखान्यात सगळे यायच्या आत मिस्त्रींनाही सांगणार आहे. आधी तुला, मग त्यांना. ते मला मशीनवरून काढतील किंवा कारखान्यातून. काढू देत.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायचा हक्क मी तिथेच, तुझ्या पायाशी उभा असताना घालवला. तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, वहिनींना हे वाचून दाखवायचं असेल तर दाखव. खाट घरात नको वाटली तर त्याच टेंपोनं परत पाठव, मी भाडं भरून ठेवलंय. लेक कुठल्याही खाटेत झोपेल.

पण आधी एक काम कर. हे पत्र खाली ठेव आणि आत जा. तिच्या डोक्याखाली उजवा हात घाल, डावा पाठीखाली. अंगठा आणि करंगळी पुरतात, मी साखरेवर करून पाहिलंय. घाबरू नकोस. तू काहीही विसरला नव्हतास. दोन्ही स्क्रू घट्ट होते, गुण्या. मी स्वतः सोडवले.

तिचा काका मी आहे की नाही हे तू ठरव. तोवर,

झाकण काढणारा,
रंधा