लिंबाच्या झाडावर भिकुबाई

मेहरूण, जळगाव
१८ जानेवारी १९८८

श्री. अभिमन पंडित पाटील, मु. धुळे, यांस पितांबर तोताराम पाटील याचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या ज्ञातीच्या मासिकात मी जे निवेदन दिले होते, त्याला सात महिन्यांत एकूण तीन उत्तरे आली. पहिले विमा एजंटाचे. दुसरे मूळव्याधीवर खात्रीचे औषध देणाऱ्या वैद्याचे. मी मूळपुरुष शोधतो आहे असे छापले होते, त्यांनी बहुधा पहिलीच दोन अक्षरे वाचली. तिसरे उत्तर आपले.

मी तलाठी होतो. बत्तीस वर्षे दुनियेच्या सातबाऱ्यावर वारस चढवले, आणि गेल्या साली सेवानिवृत्त होऊन घरी बसल्यावर कळले की माझ्या पणजोबांपलीकडे मला कोणी माहीत नाही. जीवराम पाटील, तालुका जामनेर, इथे गाडी अडली. आपले तर याहून अवघड. आपले वडील पंडितराव लहानपणी जामनेरकडून एकटेच धुळ्याला आले, आणि आपण पाच वर्षांचे असताना गेले. गाव कोणते, घर कोणते, का निघाले, कोणाला काही बोलले नाहीत. वाचून वाईट वाटले. जामनेर तालुक्यात दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो, तेव्हा लगेच हाती काही येईल असे म्हणवत नाही. पण माझ्या ओळखीचे जुने कोतवाल, पोलीस पाटील अजून आहेत. आपण माझ्या जीवरामाचे वंशज धुळ्याकडे शोधा, मी आपले पंडितराव इकडे शोधतो.

आमची सौ. कुंदा म्हणते, या वयात माणसाने पत्ते कुटावेत, पितर उकरू नयेत. तिकडे लक्ष देऊ नये. उत्तराची वाट पाहतो, ओळख वाढावी ही इच्छा.

आपला संशोधनबंधू,
पितांबर पाटील

धुळे
१४ फेब्रुवारी १९८८

प्रिय पितांबरभाऊ, नमस्कार.

आपण पाठवलेली वंशावळ मिळाली. अक्षर असे की वाचताना तीन वेळा वाटले, मलाच जमीन महसुलाची नोटीस आली. मी पडलो चित्रकलेचा मास्तर. मला वंशावळ म्हटली की झाड दिसते. म्हणून आपल्या घराण्याचा मी एक लिंब काढला आहे. वडच काढणार होतो, पण नावे सगळी बारा, वड ओकाबोका दिसला असता.

आमच्या सौ. लताबाईने झाड पाहून शंका काढली की या बारा पानांत बाईमाणूस एकही नाही, जळगावच्या पाटलांकडे पोरं काय आभाळातून पडतात? मी म्हटले, विचारतो.

चित्र टपालाने चुरगळेल, म्हणून माझा मुलगा गिरधर याच्या हाती धाडतो आहे. तो चाळीसगावला वीज मंडळात आहे, रविवारी मोकळा असतो. बोलायला जरा कमी आहे, संभाळून घ्यावे. माझ्या वडिलांचा काही माग लागला का? घाई नाही, पण दाराशी पोस्टमन थांबला की मी चप्पल न घालताच धावतो हे खरे.

असाच स्नेह राहू द्यावा.
अभिमन पाटील

मेहरूण, जळगाव
२० मार्च १९८८

प्रिय अभिमनभाऊ, स. न. वि. वि.

लिंब भिंतीवर लागला. लताबाईंना सांगावे की वंशावळीत बायका लिहीत नाहीत, ही रीतच आहे. मी केलेली नाही.

चि. गिरधर चित्र घेऊन आला, चहा घेऊन गेला. पुढच्या रविवारी परत आला, छत्री विसरली म्हणून. मार्च महिन्यात छत्री! तिसऱ्या रविवारी चित्राचा खिळा सरळ आहे ना ते बघायला आला. खिळा आमच्या उज्ज्वलाने दाखवला. त्या कामाला दीड तास लागला. माझ्यासारख्या मोजणी करणाऱ्या माणसाला याहून जास्त पुरावा लागत नाही. कुंदाने तर पहिल्या चहालाच ओळखले होते, असे ती आता म्हणते.

उज्ज्वला बी. ए. झाली आहे, टायपिंग येते, स्वभावाने माझ्यावर गेली आहे, तेवढे आधीच सांगून ठेवतो. आपली हरकत नसेल तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, सुपारी फोडू. पंडितरावांबद्दल अजून काही नाही. पण माणसे शोधता शोधता घरच मिळाले, असे मला वाटू लागले आहे.

होकाराची वाट पाहणारा,
पितांबर

धुळे
१२ एप्रिल १९८८

प्रिय पितांबरभाऊ,

होकार आहे, होकार आहे, शंभर वेळा होकार आहे, असे पत्र मी लिहून ठेवले होते. ते फाडले.

झाले असे. सुपारीची तयारी म्हणून लताने माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी काढून चिंचेने घासायला घेतली. त्यात एक तांब्याचा लोटा. वडील धुळ्याला आले तेव्हा अंगावरचे कपडे आणि हा लोटा, एवढेच घेऊन आले होते. इतक्या वर्षांत तो कोणी मन लावून घासला नव्हता. लताने घासला आणि काठाखाली अक्षरे उमटली: जीवराम गणू पाटील.

भाऊ, तुमचे पणजोबा माझ्या घरात पाणी भरून बसले होते. एका कुळात सोयरीक होत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार? जन्मभर वडिलांचे घर शोधले, आता देवाजवळ प्रार्थना करतो आहे की लोटा चोरीचा निघो. वडील चोर ठरले तरी चालेल.

यात्रेला आलेल्या घराण्यांची नावे नोंदवणारी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची वही तुम्ही कधीतरी पाहणारच होता. पाहाच. आखाजीची सुपारी तूर्त थांबवतो. गिरधरला अजून सांगितलेले नाही, तो नवा शर्ट शिवून आला आहे.

काळजीत असलेला,
अभिमन

मेहरूण, जळगाव
९ मे १९८८

तीर्थस्वरूप अभिमनकाका यांचे चरणी बालके पितांबरचा शिरसाष्टांग नमस्कार.

मायना वाचून दचकू नये. त्र्यंबकेश्वरला जाऊन आलो. उपाध्यायांच्या वहीत शके १८३२ची नोंद स्वच्छ आहे: जीवराम गणू पाटील, सोबत झुलाल व पंडित. झुलाल माझे आजोबा. म्हणजे पंडितराव त्यांचे धाकटे भाऊ. म्हणजे आपण माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आणि मी आपल्याहून एक वर्षाने मोठा असलो तरी आपला पुतण्या. चि. गिरधर माझा भाऊ. ज्याला जावई करायला निघालो होतो तो उज्ज्वलाचा काका! वहीसमोर बसून मी घाम पुसत होतो, आणि उपाध्याय विचारत होते की दक्षिणा नंतर देणार का.

मला आनंद व्हायला हवा होता. जीवरामांची दुसरी शाखा सापडली, आणि ती तुमची निघाली. पण घरी आलो तर उज्ज्वलाने एवढेच विचारले की मेलेल्या माणसांसाठी एवढी वणवण कशाला केली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझी वृद्ध फुई, वडिलांची बहीण झुंबरबाई, आमच्याकडेच असते. तिला कुंदाने पत्रिका जुळत नाही असे सांगून वेळ मारून नेली.

आता अधिक महिनाही आडवा येतो आहे, तो संपला तरी काय होणार म्हणा. आशीर्वाद असावा.

आपला दुर्दैवी पुतण्या,
पितांबर

धुळे
२ जुलै १९८८

चि. पितांबर यास अनेक आशीर्वाद. (लिहिताना हात अडखळतो.)

पंधरा दिवस मी खोडरबर घेऊन लोट्यासमोर बसलो आहे. तांब्यावर चालत नाही. मग मनात आले, त्र्यंबकेश्वरच्या वहीचे ते पान उंदराने खाल्ले असे धरू या का? तुम्ही तलाठी, तुम्हाला असा उंदीर भेटला असेलच. पण तुम्ही तो पाळणार नाही हेही ठाऊक आहे, आणि म्हणूनच तुमच्याशी सोयरीक करायची होती.

गिरधर घरी आला की छत्री उघडून बंद करतो. पुन्हा उघडतो. लता माझ्याकडे आणि तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणते, दोन्ही म्हतारा येडा व्हई ग्यात.

खरे सांगू? वडिलांचे घर सापडल्यावर मी धावत यायला हवे होते. पाय उचलत नाही. तो उंबरठा ओलांडला की पोराचे लग्न मोडले हे पक्के होईल. घरातल्यांना आशीर्वाद, आणि उज्ज्वलेला काय म्हणू ते सुचत नाही.

अभिमन (काका)

मेहरूण, जळगाव
१६ ऑगस्ट १९८८

सौ. लताबाईंना कुंदाबाईचा नमस्कार.

आपल्या यजमानांना हे पत्र बसवून वाचून दाखवा, उभे असले तर पडतील.

येत्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. रोटाचे गहू घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ मोजायचे, प्रसादाचा तो रोट भाऊबंदांनीच खायचा, लेकीच्या घरच्यांना नाही, आणि घराबाहेर कण जाऊ द्यायचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आमच्या ह्यांनी या वर्षी फर्मावले की अभिमनकाका आणि गिरधर यांच्याही मुठी मोजा, आता ते भाऊबंद. झुंबर फुई गहू पाखडत होती. तिने विचारले, या मुठी कोणाच्या? मी म्हटले, धुळ्याच्या पंडितच्या मुलाच्या आणि नातवाच्या. बाई, फुईने सूप खाली ठेवले. म्हणाली, पंडितची मूठ तेव्हा मोजली नाही, आता कशी मोजता?

मग सगळे सांगितले. पंडित जीवरामांचा मुलगाच नव्हे. जीवरामांना भिकुबाई नावाची लेक होती, शिरपूरकडे देवऱ्यांच्या घरी दिलेली. नवरा-बायको दोघे प्लेगात गेले, तेव्हा तिचे तान्हे मूल झुलालमामांनी उचलून आणले. तोच पंडित. गाव त्याला पाटलाचा पंडितच म्हणायचे. बारा वर्षांचा झाला तेव्हा रोटाचे गहू मोजताना त्याने विचारले, माझी मूठ? आजीने सांगितले, तू लेकीचा, तुला पुरी वाढते. पोराने ताट सरकवले. फुई तेव्हा आठ वर्षांची. तिने त्याला कबूल केले की माझ्या वाट्यातला तुकडा लपवून आणते. परकराच्या ओच्यात घेऊन मागच्या दारी गेली, तर पंडितही नाही आणि जीवरामबाबांचा लोटाही नाही.

म्हणजे बाई, तुम्ही देवरे, आम्ही पाटील. कुळ वेगळे, सोयरीक चालते. मामाच्या घरची मुलगी भाच्याच्या घरात, याहून चांगले काय! हे त्र्यंबकेश्वर, बऱ्हाणपूर, पाच तालुके फिरून आले, आणि उत्तर ओसरीवर बसून लसूण सोलत होते. मी फुईला विचारले की आधी का नाही बोललीस. ती म्हणाली, कोणी विचारले?

रविवारी सगळे या, त्याच दिवशी सुपारी फोडू. एकच पथ्य. फुईने हट्ट धरला आहे की पंडितच्या मुलाला रोट देणार. त्यांनी तो खाल्ला तर ते भाऊबंद ठरतात आणि केले-सवरले पाण्यात जाते. तेव्हा यजमानांवर नजर ठेवा. उज्ज्वला तिच्या बाबांशी बोलू लागली, पहिल्यांदा भांडली.

माया आहेच, आता नातेही जोडू.
कुंदाबाई

धुळे
२५ ऑगस्ट १९८८

प्रिय पितांबरराव, स. न. वि. वि.

सुपारी फुटली, पोरे हसली, तुम्ही मला काका म्हणायचे थांबलात, सगळे उत्तम झाले. आता एक गुन्हा कबूल करतो.

पंगतीत तुम्ही माझ्या पाठीशी पोलिसासारखे उभे होता आणि लता शेजारी. मला पुरणपोळी वाढली, ती मी मुकाट्याने खाल्ली. मग हात धुवायला मागच्या दारी गेलो. तिथे फुई भिंत धरून उभी. तिने पदराआडून केळीच्या पानात गुंडाळलेला तुकडा काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, पंडित, उशीर झाला रे. मी पंडित नाही असे सांगणार होतो, पण तोवर तोंडात रोट होता.

मला वडिलांचा चेहरा आठवत नाही. त्या बाईला आठवतो, ती तो माझ्यात बघत होती. मी लहान मुलासारखा रडलो, पितांबरराव. तेवढ्यात कोणाची तरी चाहूल लागली म्हणून उरलेला तुकडा सदऱ्याच्या खिशात कोंबला, आणि तो धुळ्याला आला. म्हणजे खाल्ला तोही गुन्हा आणि घराबाहेर नेला तोही. आता मी भाऊबंद झालो का? लग्न मोडते का? लताला अजून सांगितलेले नाही. तुम्ही नियमाचे माणूस, काय तो निकाल द्या.

अपराधी,
अभिमन

मेहरूण, जळगाव
३० ऑगस्ट १९८८

प्रिय व्याही अभिमनराव, स. न. वि. वि.

चाहूल माझी होती. तुमच्या मागोमाग पहाऱ्यालाच आलो होतो. पाहिले, मागे फिरलो, आणि ओसरीवर उगाच मांजर हाकलत बसलो. आमच्याकडे मांजर नाही.

बत्तीस वर्षांत डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी नोंदवली नाही, असे कधी घडले नव्हते. ही पहिली. दप्तरात नोंद नाही, म्हणजे तसे काही झालेच नाही. तुम्ही रोट खाल्ला नाही, तुमच्या खिशात काही नव्हते. तुळशीचे लग्न लागले की पहिल्या मुहूर्तावर पोरांचे उरकू.

एक काम करा. लिंबावर भिकुबाईंची फांदी काढा, जीवरामांना अगदी लागून, आणि तिच्यावर पंडितराव, तुम्ही, गिरधर. झुंबर फुईचेही पान काढा. जागा कमी पडली तर माझे पान बारीक करा. रीत वगैरे मी पाहून घेतो. उज्ज्वलाने टाइप केलेली नवी वंशावळ सोबत आहे. तिने स्वतःचे नाव न विचारता घातले आहे, आणि मी खोडलेले नाही.

आणखी एक अडचण आहे. फुई रोज सकाळी मला विचारते की पोराने सगळा खाल्ला का. मी काय सांगू? तरी जो रोट तुम्ही खाल्लाच नाही, तो पुरता खाल्लात की नाही, तेवढे उलट टपाली कळवावे.

तुमचाच,
पितांबर

धुळे
३ सप्टेंबर १९८८

प्रिय व्याही,

कार्डावर जागा थोडी. जो खाल्ला नाही तो पुरता खाल्ला. लताने सदरा धुवायला घेताना खिसा उलटा केला, सगळे ओळखले, आणि शिवणीत अडकलेला शेवटचा कणही काढून माझ्या तळहातावर ठेवला. फुईला सांगा, पंडितचे पोट भरले.

अभिमन