संडास पत्र्याच्या पलीकडे

११ मे २०२०, सोमवार

सकाळी पत्रे ठोकले! गल्लीच्या दोन्ही तोंडांना. बांबू, तार, पत्रे. वरच्या अंगाला एकाला कोरोना निघाला म्हणून सगळी गल्ली बंद. जळगावात रोज कुठे ना कुठे हेच चाललंय, ते समजतं. पण सार्वजनिक संडास पत्र्याच्या बाहेर राहिला! आमच्या गल्लीत एकाही घरात संडास नाही. ठोकणाऱ्यांना ओरडून सांगितलं. "वरून आखून दिलंय ताई. आम्ही काय करणार?"

१२ मे

पुरुष नाल्यात उतरून फटीतून जाऊन येतात. बायांनी काय करायचं?

आज सासूबाईंवर घरातच घमेल्यात बसायची वेळ आली. एक खोली. ह्यांची रिक्षा बंद, माझी डाळ मिल बंद, सगळे घरातच. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईच ती — कुठे बघणार? सासूबाई रडल्या नाहीत. मी रडले.

महापालिकेत फोन केला. "नोंद घेतली."

१४ मे

बाया पाणी पीत नाहीत! आज कळलं. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नाही, आणि ह्या तांब्या लांब ढकलतात. सासूबाईसुद्धा. "नको देऊ माले पानी. पुन्हा जावं लागी."

शेजारच्या सुनिताला सातवा महिना. तिचेही ओठ फुटलेत. मी ओरडले तिच्यावर. ती म्हणाली, "मेघाताई, प्यायले तर जाऊ कुठे, ते सांगा." काय सांगणार?

परत फोन. या वेळी महापालिकेचे साहेब स्वतः बोलले. "साथ आहे ताई. थोडी कळ काढा."

"कळच काढतोय साहेब, म्हणून तर फोन केला!"

ठेवला त्यांनी.

१५ मे

सुनिता मोरीत चक्कर येऊन पडली. अँब्युलन्स आली तर पत्रा सुटेना! तिची सासू बांबू हलवत ओरडत होती. शेवटी नेलं. दुपारी दवाखान्यातून निरोप आला — अंगात पाणीच उरलं नव्हतं. बाळ ठीक आहे. सलाईन लावलंय.

हे म्हणतात, आता गप्प बस, पोलिसात नाव जाईल.

गप्प बसू? दारोदारी सांगून आले, उद्या उजाडताच टमरेल घेऊन पत्र्यापाशी.

१६ मे

उजाडताच निघाले. तोंडाला पदर, हातात टमरेल. वाटलं, दोघी-चौघी येतील. सगळ्या आल्या! अंतर ठेवून, एकीमागे एक. सासूबाई काठी टेकत — "चाल व माय, मी बी येस."

पत्र्यापाशी हवालदार. काठी आपटली. "मागे व्हा! गुन्हा दाखल होईल!"

मी म्हटलं, "करा दाखल. पण आधी संडासला जाऊ द्या."

आम्ही तिथेच बसलो. ऊन चढलं. कुणी उठेना. एकीनं तिथेच पदराआड... हवालदारानं पाठ फिरवली. मग त्यानंच फोन लावला. काय बोलला, ऐकू आलं नाही.

दुपारी साहेब आले. संडासाकडे बघितलं, मग आमच्याकडे. माणसांना म्हणाले, "पत्रा संडासाच्या पलीकडे घ्या."

घेतला! सासूबाई घरी येऊन गटागटा तांब्याभर पाणी प्यायल्या. परत मागितलं. आज गल्लीत बाया हसताना ऐकल्या.

१७ मे

पहाटे संडासला गेले, तर पत्र्यावर पलीकडून थापा. "कोण शे तिकडे? आमनाबी हाऊच संडास होता ना, बाई! आम्ही कुठे जावानं?"

मागच्या गल्लीतल्या बाया. कालपासून संडास आत आणि त्या बाहेर.

"लांब उभ्या राहा, आलेच," म्हटलं. तारेच्या गाठी आमच्या बाजूनं आहेत. पकड घ्यायला घरी आले. हे दारात उभे — "आता पकड कशाला?"

जाते.