यंदाचं वर्ष तुझं होतं

फोला,

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालीस. मातीलाही आली नाहीस. तेव्हा एक गोष्ट सांगायची राहिली.

बाबांची ती गोष्ट आठवते? आयर्लंडवर तीन राजे पाळीपाळीने वर्षभर राज्य करायचे, आणि ज्याचं वर्ष, त्याच्या राणीचं नाव देशाला: एरे, बान्बा किंवा फोला. “एरे देशाचं नाव होऊन टपालाच्या तिकिटावर गेली,” बाबा म्हणायचे, “बान्बा आणि फोला कवितेत राहिल्या, आणि माझ्या घरात.” संत ब्रिजिडच्या सणाला दारावर लव्हाळ्याचा नवा क्रूस लागला की आपल्या घराचं नाव बदलायचं. एक वर्ष माझं, बान्बाचं, एक तुझं.

तू लग्न करून बोस्टनला गेलीस, तरी त्यांनी क्रम मोडला नाही. पुढे त्यांना माणसं ओळखू येईनात, पण वर्ष कुणाचं ते पक्कं ठाऊक. यंदा तुझं. म्हणजे अंथरूण मी धुवायचं आणि हाक तुझ्या नावाची! “मी बान्बा आहे हो,” म्हणून मी चिडायचे.

शेवटच्या दुपारी माझा हात धरून म्हणाले, “फोला, परत तोंड दाखवू नकोस म्हणालो, ते रागात गं. माफ केलंस ना?”

“केव्हाच केलं, बाबा,” मी म्हटलं. तुझ्या नावानं, तुला न विचारता. ते झोपले, ते उठलेच नाहीत.

तू केलं असतंस का, ठाऊक नाही. म्हणून हे पत्र टपालात टाकवत नाही.

उद्या ब्रिजिडचा सण. लव्हाळा कापून आणलाय. उद्यापासून वर्ष माझं, आणि मला बान्बा म्हणणारं घरात कुणी नाही.

तुझीच,
थोरली