पाच शेर वाल, तेवीस खडे

॥ श्री ॥

खंडवा,
ता. २८ नोव्हेंबर १९३३

ती. सोनाअक्का हीस,

इंदूचे शिरसाष्टांग नमस्कार वि. वि. येथे आम्ही उभयता खुशाल आहोत. दिवाळीपासून तुझे पत्र नाही. रागावली असलीस तर तसे लिही, म्हणजे निदान खुशाली तरी कळेल.

बातमी अशी की, येत्या मार्चअखेर इकडची, म्हणजे तुमच्या मास्तरांची, शाळेतली नोकरी संपते. एकतीस वर्षे मुलांना भूगोल शिकवला, आणि आता आपण स्वतः कुठे जायचे ते मात्र नकाशात सापडत नाही. पेन्शन अडतीस रुपये बसेल. आमचे घरमालक भले गृहस्थ आहेत. हेच घर साडेपाचशेला द्यायला तयार आहेत, पण हो की नाही ते संक्रांतीपर्यंत सांगा म्हणतात. इकडचे मन खालापूरला ओढते. पानात भात पडला की कडावच्या शेतातल्या भाताची आठवण निघते आणि मोठा सुस्कारा सुटतो. पण अक्का, सुस्काऱ्यांवर घर चालत नाही. खोपोलीला वीजघर झाले, मुंबईचे लोक हवा खायला कर्जतकडे येऊ लागले, आणि आपला मुलूख फार महागला असे जो तो सांगतो. येथे दूध रुपयास दहा शेर आहे, गहू तर फुकटच म्हणायचे, घरभाडे चार रुपये.

तेव्हा तू मला खालापूरचे आजचे भाव लिहून पाठव. भाडे, दूध, तेल, सरपण, तांदूळ, सगळे. तुझ्याजवळ येऊन राहावे असे मला किती वाटते ते मुद्दामच लिहीत नाही. लिहिले तर तू भाव कमी करून पाठवशील.

पोथीचा नेम चालू आहे. आज अठरावा अध्याय. माझे लग्न होऊन मी निघाले तेव्हा दोघींनी ठरवले होते, रोज एकच अध्याय, तू तिथे नि मी इथे. आज वाचताना तूही याच ओळीवर असशील असे वाटले आणि जरा थांबले, तू मागे राहिली असलीस तर येऊन गाठावेस म्हणून.

लोभ आहे तेवढा पुरे आहे, त्यात काटछाट करू नये.

तुझी
इंदू

॥ श्री ॥

खालापूर,
ता. १२ डिसेंबर १९३३

चि. सौ. इंदू हीस,

सोनाचे अनेक आशीर्वाद. पत्र पावले. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे, तुला चष्मा लागला असे ऐकले म्हणून. ओळी वरखाली गेल्या असतील तर दोष पाटाचा, त्याचा एक पाय आखूड झाला आहे.

भाव विचारलेस ते घे. पेठेत दोन खोल्यांना आठ रुपये भाडे. दूध रुपयास पाच शेर, आणि तेही गवळ्याची मर्जी असेल तर. सरपणाची मोळी वीजघराकडचे लोक मागतील त्या भावाला घेतात. तेल, साखर, सगळे मुंबईच्या तोऱ्यात. आमच्या मास्तरांना सांग, सुस्कारे तिथेच सोडा, खंडव्यात ते स्वस्त पडतात. मिळते आहे ते घर घ्यावे. म्हातारपणी बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोण फिरते?

आणि माझ्यासाठी म्हणून तू एक पाऊलही उचलायचे नाही, हे आधीच सांगून ठेवते. हे गेल्यापासून बारा वर्षे मी या घरात एकटी राहिले ती काय रडत राहिले? डोंगरालगतच्या वाडीवरची बुधी मोळी घेऊन येते, तासभर पायरीवर बसते, गावच्या सगळ्या कागाळ्या सांगते. शेजारच्या मास्तरीणबाई जिजा दिवसातून तीनदा डोकावतात. आपला धाकटा मालोजी बाजाराच्या दिवशी कडावहून येतो आणि माझ्या डब्यातले लाडू संपवून जातो. मला कसली कमी नाही. पोथी म्हणशील तर ती आता मला पाठच आहे, उघडावीसुद्धा लागत नाही.

पार्सलने कडवे वाल पाच शेर पाठवले आहेत, मालोजीच्या शेतातले. चांगले पाखडून, निवडून दिले आहेत. हात लावायला नको, थेट भिजत घाल. मॅट्रिक झालीस तरी तुझी निवड मला ठाऊक आहे.

माया आहेच, ती काय भावाने थोडीच विकत घ्यायची आहे.

तुझी
सोना

॥ श्री ॥

खंडवा,
ता. २४ डिसेंबर १९३३

ती. सोनाअक्का हीस,

इंदूचे शि. सा. न. वि. वि. वाल पोचले. तू सांगितलेस म्हणून हात न लावता थेट भिजत घातले. मोड सुरेख आले. काल सोलायला बसले तर एक वाल काही केल्या सोलेना. दाबला, पिळला, नख मोडले, तेव्हा कळले की तो खडा आहे. म्हटले असेल एखादा. मग दुसरा निघाला, तिसरा निघाला. राहिलेले वाल परातीत ओतून पाहिले. सगळे मिळून तेवीस! मुलूख इतका महागला का गं, की आता बहिणीलाही वजनात खडे घालावेत?

इकडे मात्र चैन झाली. एकेक खडा खिडकीपाशी धरून, हा घाटाचा काळा कातळ, हा नदीतला, अशी तासभर शिकवणी झाली, आणि तेवीसच्या तेवीस तपकिरीच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले गेले. शेवटी बिरडे झाले. असे झाले की भांडे विसळायचे काम राहिले नाही.

तुझ्या भावांनी मी वही मांडली. अक्का, येथल्यापेक्षा महिन्याला अकरा रुपये सहा आणे जास्त पडतात. तीनदा बेरीज केली. एवढे आणायचे कुठून? घर घ्यावे असेच दिसते आहे. इकडे सांगितले तेव्हा नुसती ती डबी उघडून पाहणे झाले.

अक्का, थट्टा केली खरी. पण आपल्या गावात लग्न निघाले की तांदूळ निवडायला आधी तुला बोलावणे यायचे. तुझ्या सुपातून कधी एक खडा गेल्याचे मला आठवत नाही. बरी आहेस ना? खरे लिही.

थट्टा पोटात घालावी, लोभ वर ठेवावा.

तुझी
इंदू

॥ श्री ॥

कडाव,
ता. १ जानेवारी १९३४

ती. सौ. इंदूताई हीस,

धाकटा भाऊ मालोजी याचा शि. सा. न. वि. वि. तुझे वेगळे पत्र मिळाले. अक्काच्या वालात खडे कसे, असे तू विचारलेस. मी सांगणार नव्हतो, अक्काने मला तुळशीपुढे उभे करून बजावले आहे. पण तू लेखी विचारलेस, आणि तुळशीने मला लेखी खोटे लिहायला सांगितलेले नाही.

अक्काला दिसत नाही, ताई. श्रावणापासून फार कमी झाले. भाऊबीजेला ओवाळताना कुंकू माझ्या भुवईवर लावले. मी हसलो तर मलाच म्हणाली की मेल्या, मान हलवतोस कशाला. बुधी आता मोळी रोज एकाच कोपऱ्यात ठेवते, अक्काच्या पायात येऊ नये म्हणून, आणि फाटकातूनच हाक देते, बाय, मी आलू गं, बुधी हाय. अक्काला वाटते, बुधीचा गळाच मोठा झाला. तुझे पत्र आले की भर दुपारी अंगणात उन्हात धरून एकेक अक्षर लावते. नाहीच लागले तर जिजाबाईंना देते, आणि त्यांना सांगते की इंदूचे अक्षरच बिघडले.

मी तिला पनवेलला डॉक्टरकडे नेले होते. मोतीबिंदू आहे, वैशाखापर्यंत पिकेल, मग मुंबईला काढता येईल, पुन्हा दिसेल म्हणाले. पण पट्टी बांधून आठ दिवस हलायचे नाही, नंतरही महिना-दोन महिने घरात माणूस हवे. माझ्या घरची पोराबाळांची आणि गुरांची गत तुला माहीत आहे. कडावला ये म्हटले तर स्वतःची चूल सोडायला ती तयार नाही. मग नकोच ते ऑपरेशन, म्हणते. तुला कळवायचे नाही, कारण तू धावत येशील आणि मास्तरांच्या पेन्शनीची वाट लागेल.

भाव तिने खरेच लिहिले आहेत, एक सोडून. दूध रुपयास सहा शेर मिळते. तू येऊ नयेस म्हणून तिने शेरभर कमी केले. आमच्या अक्काने आयुष्यात केलेली ही एवढीच लबाडी असेल.

मी सांगितले असे सांगू नकोस. लाडू बंद होतील.

ओढ आहेच, ती दोन्ही बाजूंनी राहावी.

मालोजी

॥ श्री ॥

खंडवा,
ता. ६ जानेवारी १९३४

ती. सोनाअक्का हीस,

इंदूचे शि. सा. न. वि. वि. तू माझ्या पत्राला उत्तर दिले नाहीस, तेव्हा मीच पुन्हा लिहिते. वहीत माझी चूक झाली होती असे दिसते. पेठेत भाड्याने कशाला राहायचे? तुझी मागची खोली आणि पडवी रिकामी आहे. ती आम्हाला दे. भाडे पाच रुपये, दर महिन्याच्या एक तारखेला, पावती घेऊन. फुकट राहायचे असेल तर मी येत नाही, हेही सांगून ठेवते. म्हणजे आठाचे तीन वाचले. दूध रुपयास सहा शेर धरले. येथे भांड्यांना बाई आहे, तिचे दोन रुपये वाचतील, माझे हात अजून शाबूत आहेत. दुपारचा चहा बंद. आणि तपकीर सोडण्याचे इकडून आपण होऊन कबूल झाले! चौतीस वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा ऐकले. मी तारीख टाकून ठेवली आहे.

इतके करूनही तीन रुपये दोन आणे बसत नाहीत. दोन दिवस डोके धरून बसले. मग पोथीला नमस्कार केला आणि वहीत लिहिले, शिल्लक देवाकडे. देवाच्या नावावर आकडा टाकण्याची ही माझी पहिलीच खेप. तो काय करायचे ते करील. मी मात्र दर महिन्याला विचारणार आहे.

येण्याचे कारण विचारशील, तर कारण काहीच नाही. येथले पाणी जड आहे. शिवाय मला एकटीने मनात वाचायचा कंटाळा आला आहे. मी मोठ्याने वाचीन, तू नुसती बसून ऐक आणि माझ्या चुका काढ. चुका काढणे तुला पहिल्यापासून जमते. आणि वाल निवडायचे काम यापुढे माझे. मॅट्रिकचा काहीतरी उपयोग व्हावा.

घरमालकांना संक्रांतीला उत्तर द्यायचे आहे. तू हो म्हटल्याशिवाय मी त्यांना नाही म्हणणार नाही. लवकर लिही.

येथून खालापूर तीनशे मैलांवर आहे असे इकडून नकाशावर पट्टी ठेवून सांगणे झाले. लोभाला एवढे अंतर पुष्कळ झाले.

तुझी
इंदू

॥ श्री ॥

खालापूर,
ता. १० जानेवारी १९३४

चि. सौ. इंदू हीस,

सोनाचे अनेक आशीर्वाद. हे पत्र मी सांगते आहे आणि जिजाबाई लिहीत आहेत. अक्षर चांगले दिसले तर हुरळू नकोस, ते माझे नव्हे.

तुझे पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवले. पहिल्यांदा मी खूश झाले. दुसऱ्यांदा दुधापाशी थांबवले. मी तुला पाच शेर लिहिले होते. तू सहा धरलेस. सहावा शेर कडावहून आला हे मला आंधळीलाही दिसले. मालोजीचे लाडू बंद केले आहेत, त्याला कळव. आणि एवढी शहाण्यासारखी वही मांडणारी तू, खोटे बोलताना मात्र एका शेराने सापडलीस. आपण दोघीही लबाडीत नापास आहोत.

मी चिडले होते, इंदू. बहीण कीव करून येते आहे, वाडग्यात भात वाढायला येते आहे, असे वाटले. रात्रीचे जेवलेसुद्धा नाही. सकाळी बुधी आली, तिला सगळे सांगितले. ती मेली हसायला लागली. म्हणाली, बाय, भैन पैशे देऊन तुज्या घरात रावते म्हंते, तपकीर सोडते म्हंते, आन तू रुसून बसलीस? मंग मला ठेव भाड्यानं, मी येतू! जिजाबाई लिहिताना हसत आहेत, म्हणून येथे शाई सांडली आहे.

तेव्हा आता माझे ऐक. भाडे पाच नाही, दोन रुपये. यावर घासाघीस चालायची नाही, घर माझे आहे. देवाकडे ठेवलेल्या तीन रुपये दोन आण्यांतले तीन मी त्याच्याकडून उतरवून घेते. दोन आणे त्याने आणि तू आपसात बघून घ्या. मास्तरांची तपकीर सोडवू नकोस, तिचा आकडाही देवाच्याच नावावर टाक, पडवीत बसून ओढू दे. शिंकले की घरात माणूस आहे हे कळेल.

पोथीचे खरे सांगते. श्रावणापासून उघडलेली नाही. जेवढे पाठ होते तेवढे म्हणत होते, आणि पाठ नव्हते तेथे तू वाचत असशील म्हणून स्वस्थ बसत होते. वैशाखात मुंबईला जायचे. पट्टी बांधून पडेन तेव्हा पहिल्यापासून वाच. एकही ओळ गाळलीस तर मला कळेल.

घरमालकांना नाही म्हणून सांग. गोड बोलून सांग, तिळगूळ देऊन.

पुढच्या दोन ओळी माझ्या हातच्या आहेत. वाकड्या आल्या तर पाटाला बोल लावू नकोस.

ती खड्यांची डबी बरोबर आण. डोळे उघडले की पहिले ते मोजून घेणार आहे.
तेवीस भरले पाहिजेत.

तुझी
सोना