मागचं डावं चाक आणि आमचा टेबलफॅन

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (रीतीप्रमाणे तो पालथं पडून घालायचा असतो, मी सध्या गाडीखाली उताणा असतो, तेवढं सांभाळून घ्या.) तुमचा गुडघा आणि मामींचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. माझ्या खांद्याबद्दल हिने फोनवर काही सांगितलं असेल तर ते वाढवून सांगितलेलं आहे. हात कानापर्यंत वर जातो, आणि कानाच्या वर मला काही काम नसतं.

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसापर्यंत गाडी 'स्वतःच्या जोरावर फाटकाबाहेर' पडली नाही, तर ती त्या हॉटेलवाल्याला देऊन टाकणार असं तुम्ही लिहिलंत. तो म्हणे तिला हॉटेलच्या दाराशी कायमची उभी करून डिकीत केकची काचपेटी बसवणार! हे वाचून मला जेवण गेलं नाही. (हिचं म्हणणं, दोनदा वाढून घेतलं. पण चव लागली नाही हे तिला कसं कळणार?) ज्या गाडीतून तुम्ही मामींना लग्नानंतर घरी आणलंत, जिच्या मागच्या सीटवर लहानपणी मी प्रत्येक वळणाला ओकत आलो, तिच्या पोटात पेस्ट्री? मामा, तुम्ही फ्लॅटमध्ये राहायला गेलात तेव्हा ही अमेरिकन गाडी दुरुस्तीसाठी माझ्या हवाली केलीत, ती काय असा शेवट व्हावा म्हणून? असो. रागावलो नाही. नुसतं विचारतो.

इंजिनाची काळजी नसावी. कार्बोरेटर मी जेवणाच्या टेबलावर पूर्ण उघडला, त्याचं प्रत्येक छिद्र दात घासायच्या ब्रशने साफ केलं (ब्रश कुणाचा होता यावर घरात अजून चर्चा चालू आहे), आणि पेट्रोल चहाच्या गाळणीतून गाळून घेतलं. त्यानंतर दोन दिवस आमच्या चहाला एक वेगळाच जोर होता. या गाडीचे सगळे नट इंचात असतात, मिलिमीटरचा पाना लावला की त्यांचे कोपरे झिजतात, हे पुष्कळ नावाजलेल्या मेकॅनिकांनाही ठाऊक नसतं. मी इंची पान्यांचा पूर्ण संच जमवला आहे आणि तो कपड्यांच्या कपाटात, माझ्या शर्टांच्या जागी ठेवला आहे. शर्ट कुठे आहेत ते मला माहीत नाही. पण इंजिन चालू झालं, मामा! सहाही सिलिंडर असे एका सुरात घुमले की आमच्या शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतला पेशंट म्हणे तोंड उघडं ठेवूनच गॅलरीत आला.

पण गाडी जागची हलेना. कारण मी ताबडतोब ओळखलं. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक इतक्या वर्षांत आतल्या आत चिकटून बसला होता. उपाय सोपा: चाक काढायचं. पाच नट. आता नट कसा उघडतो हे मला कुणी शिकवायचं कारण नाही. मी पाना लावला आणि जोर केला. नट ढिम्म. पान्यावर उभा राहिलो. ढिम्म. मग कपडे वाळत घालायचा लोखंडी पाइप काढून पान्याला जोडला (कपडे सध्या बोनेटवर वाळतात, पत्रा ऊन छान धरतो), आणि त्याच्या टोकाला मी आणि डॉक्टर दोघं लोंबकळलो. डॉक्टर सारखे म्हणत होते, "हे असं नाही, आधी हलवून सैल करायचं असतं." मी म्हटलं, "अहो, हा नट आहे, दाढ नाही." एवढ्यात कट्कन आवाज झाला आणि नट, त्याच्या मागच्या बोल्टाच्या तुकड्यासकट, माझ्या कपाळाला लागून कुंडीत पडला. धातू थकतो, हे मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. दुसऱ्याच्या वेळी पुन्हा समजावून सांगितलं. तिसऱ्याच्या वेळी ते ऐकायला थांबायला तयार नव्हते.

त्या वेळी ही पायरीवर बसून टेबलफॅन पुसत होती. पात्यांमधली टोपी फिरवता फिरवता म्हणाली, "अहो, पंख्याची ही टोपी कशी उलटी फिरवली की उघडते, तसं तर नाही ना तुमच्या चाकाचं?" मी शांतपणे सांगितलं की पंखा म्हणजे पंखा आणि गाडी म्हणजे गाडी, हिला यंत्रातलं ज्ञान नाही, पण उत्सुकता आहे, याचं कौतुकच केलं पाहिजे. ती आत गेल्यावर, केवळ तिचा गैरसमज दूर व्हावा म्हणून, मी पाना उलटा फिरवून पाहिला. मामा, नट असा सुटला जसं लोणीच! म्हणजे आम्ही दोघं सकाळपासून तो पिळून घट्ट करत होतो. काही जुन्या अमेरिकन गाड्यांच्या डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात, चाक पुढे फिरताना ते आपोआप सैल होऊ नयेत म्हणून. हे तत्त्व मी डॉक्टरांना जागच्या जागी सांगून टाकलं. ते म्हणाले, "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, तत्त्वाला तारीख नसते.

(गाडी देताना तुम्ही "डाव्या बाजूला जरा..." एवढं म्हणाला होतात आणि मी "ते मी बघतो हो मामा" म्हणून तुमचं बोलणं तोडलं होतं, असं ही म्हणते. मला आठवत नाही.)

तुटलेल्या बोल्टांच्या जागी लेथवाल्याकडून उलट्या आट्यांचे नवे करून आणले, ब्रेक सोडवला, चाक बसवलं, आणि काल सकाळी गाडी स्वतःच्या जोरावर, कुणीही न ढकलता, फाटकाबाहेर पडली! बेकरीच्या कोपऱ्याला वळसा घालून, सगळी गल्ली फिरून परत आली. काय सांगू मामा! सगळे शेजारी रस्त्यावर आले होते. इतकी वर्षं मला हसणारे ते चेहरे शेवटपर्यंत माझ्या नजरेसमोर होते, हळूहळू लहान होत जाणारे. डॉक्टर दोन्ही हात हलवत होते. एक सायकलवाला अदबीने सायकल गटारात घालून बाजूला झाला. ही शेजारी बसली होती, पण सगळा वेळ मागेच पाहत होती. बायकांना जुन्या आठवणी फार. आता गाडी फाटकाकडे तोंड करून उभी आहे, क्रोम असं चमकतंय की मी त्यात दाढी केली.

तेव्हा हॉटेलवाल्याला आजच्या आज नकार कळवावा. मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. काल आम्ही जे फिरलो ते रिव्हर्समध्ये. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा दुसरीकडे कुठे जातच नाही. त्याची जोडणी मी स्वतः केली आहे, त्यामुळे दोष गाडीचाच असणार. तुमच्या पत्रात फक्त 'फाटकाबाहेर' असं आहे, तोंड कुठे असावं याचा उल्लेख नाही. मी नीट वाचून पाहिलं. गाडी उलटीच आत आणल्यामुळे आता मात्र मागे भिंत आहे.

ता. क. दुसरा. मला पक्कं आठवतं, पूर्वीही तो दांडा असाच अडायचा. मग तुम्ही दांड्याला खालून तळहाताने एक दणका द्यायचात, आणि त्याच क्षणी मामी पर्स छातीशी धरून "अहो, हळू" म्हणायच्या. की गाडी निघाली पुढे! या दोन्हींपैकी नेमकं कशाने गिअर पडायचा हे मला माहीत नाही. म्हणून वाढदिवसाला दोघंही या. तुमचा लांबचा चष्मा विसरू नका. पुढच्या सीटवर तुम्ही दोघं. आम्ही मागे बसू, मी खिडकीपाशी.